स्पिन, यील्ड की झोप: कंप मोजणाऱ्या पेटीच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२४

काम असं: लेथच्या हेडस्टॉकवर ॲक्सेलरोमीटर (कंप मोजणारा सेन्सर) बसवायचा आणि स्पिंडलच्या बेअरिंगचा कंप दिवसभर नोंदवत राहायचा, म्हणजे बेअरिंग जाण्याआधी सुगावा लागेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मित्राचं मशीन शॉप आहे, तिथली जुनी लेथ प्रयोगाला मिळाली. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घरात पडून होता. एडीएक्सएल३४५ या सेन्सरचं मॉड्यूल, वायरी आणि कूलंट आत जाऊ नये म्हणून पत्र्याची बंद पेटी, हे सगळं हजार रुपयांच्या आत बसलं. पायवर रास्पबेरी पाय ओएस बुकवर्म, कर्नल ६.६, जीसीसी १२.

या नोंदी कंपाबद्दल कमी आणि थ्रेडनी (एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या वाटांनी) एकमेकांची वाट कशी पाहावी याबद्दल जास्त होणार, कारण वेळ तिथेच जातोय.

सगळ्या प्रकल्पाचा जीव एका आकड्यात आहे. सेन्सर सेकंदाला ३२०० नमुने देतो आणि त्याच्या पोटातल्या फिफोत (आले त्या क्रमाने नमुने साठवणाऱ्या रांगेत) फक्त ३२ मावतात. म्हणजे १० मिलिसेकंद कोणी वाचायला आलं नाही, तर पुढचे नमुने गळायला लागतात. गळती झाली की सेन्सर स्वतःच ओव्हररनचा बिट वर करतो, त्यामुळे ते लपून राहत नाही.

सांगाडा भाच्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लिहिलेला घेतला. त्यात चार थ्रेड: वाचक (सेन्सरमधून नमुने काढतो), गणित (१०२४ नमुन्यांचा गठ्ठा झाला की एफएफटी, म्हणजे कंपातल्या वारंवारता वेगळ्या काढणं), लेखक (एसडी कार्डावर टाकतो) आणि पान (ब्राउझरमध्ये आलेख दाखवतो). वाचक आणि गणित यांच्यात दोन बफर. प्रत्येक थ्रेड आपला झेंडा वर होईपर्यंत रिकाम्या व्हाइल लूपमध्ये फिरतो, यालाच स्पिन म्हणतात. मी भुवया उंचावल्यावर त्याचं उत्तर तयार होतं: "मामा, चार कोर आहेत, चार थ्रेड आहेत. फिरू देत की!"

कागदावर यात खोट दिसत नाही. चालवून बघू.

७ जुलै

ओ२ (कंपाइलरचं ऑप्टिमायझेशन) लावून कंपाइल केलं तर गणिताचा थ्रेड कधी जागाच होईना. ऑप्टिमायझेशन बंद केल्यावर चाललं. झेंडा साधा बूल होता. लूपमध्ये त्याला कोणी हात लावत नाही हे पाहून कंपाइलर तो एकदाच वाचतो आणि पुढे कायमचा फिरत बसतो. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे.

भाच्याने व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच, असं कंपाइलरला सांगणारा शब्द) लावलं. लॅपटॉपवर सगळं सुरळीत. पायवर मात्र अधूनमधून गठ्ठ्याच्या शेपटीला आधीच्या फेरीचे नमुने दिसायला लागले. इंटेलच्या प्रोसेसरवर एका कोरने केलेल्या दोन लेखनांचा क्रम दुसऱ्या कोरला तसाच दिसतो. एआरएमवर ती हमी नाही, त्यामुळे झेंडा आधी पोहोचतो आणि नमुने मागून. व्होलाटाइलचा याच्याशी काही संबंध नाही. झेंडा अ‍ॅटॉमिक केला, लिहिताना रिलीज, वाचताना अ‍ॅक्वायर. म्हणजे झेंडा दिसला की त्याआधी लिहिलेले नमुनेही दिसणारच. मिटलं.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासून पायवरच तपासा. लॅपटॉपवर ही चूक दिसतच नाही.

१३ जुलै

पेटी लेथजवळ लावली. अर्ध्या तासात पत्र्याला हात लागेना. मित्राने बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "भावा, ही पेटी हाय का शेगडी?"

पाय ४ चं तापमान ८० अंशांना पोहोचलं की तो स्वतःचा वेग कमी करतो. तपासलं तर वेग कमी झाल्याची नोंद होतीच, आणि त्याच सुमारास ओव्हररनही सुरू झाले होते. चार कोर शंभर टक्के फिरत होते, आणि ते कशासाठी? १०२४ नमुने भरायला ३२० मिलिसेकंद लागतात. एफएफटीला त्यातले मोजके. उरलेला सगळा वेळ गणिताचा थ्रेड "झालं का, झालं का" विचारत पत्रा तापवतोय. लेखकाचंही तेच.

संध्याकाळी साडेतीनशे रुपयांचा पंखा आणला आणि पेटीला भोक पाडलं. तापमान उतरलं. ओव्हररन कमी झाले, पण थांबले नाहीत.

चार कोर आणि चार थ्रेड हे गणित मशीनवर दुसरं काहीच चालत नाही असं धरून होतं. कर्नलचं स्वतःचं काम असतं, एसएसएच असतं, नेटवर्क असतं. पाचवा कोणी आला की शेड्युलरला (कोणत्या थ्रेडने कधी चालायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाला) कोणाला तरी कोरवरून उठवून बाजूला करावं लागतं, आणि त्याच्या लेखी चौघेही सारखेच राबतायत. लेखक नुसता फिरतोय आणि वाचकाकडे खरं काम आहे हे त्याला कळायला मार्गच नाही. कधी लेखक उठतो, कधी वाचक. वाचक उठला की दहा मिलिसेकंदांचं घड्याळ सुरू.

पंख्याचे पैसे फुकट गेले हे तेव्हाच कळायला हवं होतं.

१४ जुलै

भाच्याचा फोन: "रिकाम्या लूपमध्ये यील्ड टाक ना मामा, म्हणजे तो दुसऱ्याला जागा देईल." एका ओळीचा बदल. केला.

एचटॉपमधले (कोर किती राबतायत ते दाखवणाऱ्या प्रोग्राममधले) चारही पट्टे शंभर टक्क्यांवरच. फरक एवढाच की हिरवे होते ते लाल झाले. एचटॉपमध्ये हिरवा म्हणजे प्रोग्रामने खाल्लेला वेळ आणि लाल म्हणजे कर्नलने. पेटी तेवढीच गरम.

पर्फ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावून बघितलं तर सगळा वेळ स्केड-यील्डच्या आत-बाहेर करण्यात जातोय. कर्नलमधलं यील्डचं फंक्शन सुरुवातीलाच बघतं की या कोरवर चालायला तयार असलेला दुसरा कोणी आहे का. नसेल तर लगेच परत. माझ्याकडे बहुतेक वेळ कोरमागे एकच थ्रेड होता. म्हणजे फिरणं तसंच राहिलं, वर प्रत्येक फेरीला एक सिस्टम कॉलची भर पडली.

यील्ड म्हणजे थांबणं नव्हे, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. यील्ड करणारा थ्रेड शेड्युलरला "मी अमक्याची वाट बघतोय" असं सांगत नाही. तो फक्त म्हणतो, "आत्ता दुसऱ्या कोणाला घ्यायचं तर घ्या." तो स्वतः चालायला तयार असलेल्यांच्या यादीतच उभा असतो.

२० जुलै

दुसऱ्याला जागा दिल्यावर तरी काय होतं ते बघायला मुद्दाम भार टाकला. जुन्या नोंदींच्या फाइली एक्सझेडने (फाइलींचा आकार कमी करणाऱ्या प्रोग्रामने) चार थ्रेडवर दाबायला लावल्या. आता प्रत्येक कोरवर यील्ड ऐकणारा कोणीतरी होता.

ओव्हररनचा पाऊस. साध्या स्पिनपेक्षा वाईट.

कर्नल ६.६ मध्ये सीएफएस हा जुना शेड्युलर जाऊन ईईव्हीडीएफ हा शेड्युलर आला. त्यात यील्ड केलं की त्या थ्रेडची मुदत एका पूर्ण स्लाइसने (एका पाळीच्या वेळाने) पुढे ढकलली जाते. वाचक क्षणभरासाठी बाजूला होतो, एक्सझेड आपला वाटा आरामात वापरतो, आणि तेवढ्यात सेन्सरची इंटरप्टची तार (नमुने तयार असल्याचा इशारा देणारी) वर जाऊन आलेली असते. तार वर गेली म्हणून वाचकाला परत बोलवा असं कर्नलला कोणी सांगितलेलंच नाही. जुन्या सीएफएसमध्ये यील्डचं वागणं निराळं होतं, त्यामुळे एका कर्नलवर घासूनपुसून बसवलेला यील्डचा लूप पुढच्या कर्नलवर तसाच चालेल याचा भरवसा नाही. मॅन्युअल पानावरही लिहिलंय की हा कॉल रिअल-टाइम धोरणांसाठी आहे, साध्या धोरणात त्याचं वागणं ठरलेलं नाही, आणि तिथे तो वापरावा लागतोय म्हणजे बहुधा प्रोग्रामची रचनाच चुकली आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही जानेवारी २०२० मध्ये याच विषयावर भरपूर तापून लिहिलं होतं: वापरकर्त्याच्या प्रोग्राममध्ये स्पिनलॉक नकोत, आणि यील्ड हे त्यावरचं औषध नाही. मी ते तेव्हा वाचलं होतं आणि "ते मोठ्या सर्व्हरवाल्यांसाठी" म्हणून सोडून दिलं होतं.

दुपारी एक तिसरी गोष्ट करून बघितली: यील्डच्या जागी एक मिलिसेकंद झोप आणि उठल्यावर फिफोत किती नमुने आहेत ते विचारणं. याला कोणी चांगली रचना म्हणणार नाही, पण खरं सांगतो, हे बऱ्यापैकी चाललं. कोर थंड, ओव्हररन तुरळक, तेही एक्सझेड चालू असतानाच. इंटरप्टची तार जोडणं शक्य नसेल तर हाच उपाय घ्या. माझ्याकडे तार जोडलेली होती, म्हणून पुढे गेलो. झोप फार बारीक करायचा मोह मात्र टाळा. साध्या थ्रेडच्या टायमरला कर्नल मुळातच ५० मायक्रोसेकंदांची सूट घेतो, त्यामुळे एक मायक्रोसेकंद मागितला तरी पन्नासच्या पुढेच उठणार.

२१ जुलै

आजचा दिवस महागात पडला.

विचार असा केला: वाचकाला रिअल-टाइम फिफो धोरण देऊ, प्राधान्य ५०. मग एक्सझेड त्याला हलवूच शकणार नाही. (हे फिफो वेगळं, सेन्सरच्या पोटातलं वेगळं. गोंधळ होतो, पण दोन्हींची नावं तीच आहेत.) कोडमध्ये फक्त वाचकाचं धोरण बदललं, आणि एक कोर वेगळा काढावा म्हणून प्रोग्राम टास्कसेटने कोर ३ वर सुरू केला. आतली वाट पाहणी अजून यील्डचीच.

आलेख सेकंदाला एकदा टुणकन पुढे सरकायचा आणि थिजायचा. पुन्हा एका सेकंदाने टुणकन. एसडी कार्ड बदललं, वीजपुरवठा बदलला, सेन्सरच्या तारा पुन्हा डाखल्या. सकाळ त्यातच गेली. शेवटी डीमेसेग (कर्नलच्या नोंदी) उघडलं तर एकच ओळ: "शेड: आरटी थ्रॉटलिंग अ‍ॅक्टिव्हेटेड".

टास्कसेटने सुरू केलेल्या प्रोग्रामचे सगळे थ्रेड त्याच कोरचं बंधन वारशाने घेतात. म्हणजे गणितही कोर ३ वर, पण साध्या धोरणात. फिफो धोरणात यील्ड केलं की थ्रेड आपल्याच प्राधान्याच्या रांगेत शेवटी जातो. त्या रांगेत वाचक एकटाच, म्हणून तोच पुन्हा पहिला. खालच्या प्राधान्याच्या गणिताला वाटा मिळतच नाही. वाचक बफर रिकामा व्हायची वाट बघतोय, तो रिकामा करणारा वाचकानेच दाबून धरलाय.

मग सेकंदाला एकदा तरी काय हलत होतं? या कर्नलमध्ये अशा वेळेसाठी झडप आहे: रिअल-टाइम कामांना दर १० लाख मायक्रोसेकंदांपैकी साडेनऊ लाखच मिळतात. उरलेले ५० मिलिसेकंद कर्नल हिसकावून घेतो. गणिताचा थ्रेड त्या ५० मिलिसेकंदांवर जगत होता.

चुकीवर उतारा म्हणून वाचक, गणित आणि लेखक या तिघांनाही फिफो ५० देऊन बघितलं. आता यील्ड पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चाललं, एकामागून एक पाळी. पण तिघे मिळून कोर सतत फिरता ठेवतात, त्यामुळे झडप पुन्हा पडते, आणि त्या ५० मिलिसेकंदांत तिघेही बंद. सेन्सरचा साठा १० मिलिसेकंदांचा. दर सेकंदाला नमुने गळणार म्हणजे गळणारच. वाचकाला एकट्याला आख्खा कोर देऊन फिरवलं तरी हाच खड्डा राहतो. झडप बंद करता येते, तसा सल्ला देणारेही भेटतील. मी केली नाही. बंद शॉपमध्ये रात्रभर चालणाऱ्या पेटीत, अडकलेला थ्रेड कोर धरून बसला तर सोडवायला तिथे कोण जाणार?

२७ जुलै

यील्ड काढून टाकलं. सेन्सरची इंटरप्टची तार जीपीआयओला (पायवरच्या जोडणीच्या पिनांना) जोडलेली होतीच. भाच्याचा कोड त्या पिनचं रजिस्टर थेट मेमरीतून वाचत फिरायचा. आता सेन्सरला वॉटरमार्क १६ सांगितला, म्हणजे १६ नमुने साठले की तार वर. लिबजीपीआयओडीकडून त्या तारेच्या चढत्या कडेचा फाइल डिस्क्रिप्टर घेतला आणि वाचक त्यावर पोल (घटना घडेपर्यंत थ्रेडला झोपवणारा कॉल) करून झोपतो. ५ मिलिसेकंदांत एकदा जाग, वर ५ मिलिसेकंदांची उसंत.

तापमान तासाभरात खाली आलं. मी खूश. आणि मग एक्सझेड लावल्यावर वाचक जो झोपला तो उठलाच नाही.

झोपेचा हा स्वतःचा रोग आहे, फिरणाऱ्या लूपला तो होत नाही. वाचक जाग आल्यावर मोजून १६ नमुने काढायचा. एकदा त्याला उशीर झाला आणि फिफोत ३२ साठले. त्याने १६ काढले, १६ उरले. उरलेले वॉटरमार्कइतकेच, म्हणून तार खाली आलीच नाही. तार खाली आली नाही तर पुन्हा वर कशी जाणार? आणि मी वाट बघतोय चढत्या कडेची. स्पिन करणारा कोड तार वर आहे का एवढंच बघायचा, म्हणून तो यात सापडला नव्हता.

दुरुस्ती: जाग आल्यावर फिफोत १६ पेक्षा कमी उरेपर्यंत उपसत राहायचं, मगच झोपायचं. उपसणं थांबवणं आणि झोपणं यांच्या मधल्या फटीत सोळावा नमुना आला तरी चालतं, ती कड कर्नलच्या रांगेत पडून राहते आणि पोल लगेच परत येतो. पोलला ५० मिलिसेकंदांची मुदतही लावली. ती कधी संपलीच तर नमुने गेलेले असतील, पण निदान नोंद होईल आणि थ्रेड मरणार नाही.

वाचकाला फिफो ५० परत दिलं, टास्कसेट काढलं. बहुतेक वेळ झोपणाऱ्या थ्रेडला मोठं प्राधान्य द्यायला काहीच हरकत नाही. तो उठतो तेव्हा त्याला लगेच कोर मिळतो आणि काम संपलं की तो स्वतः सोडतो.

२८ जुलै

बफरची देवाणघेवाण. भाच्याने कंडिशन व्हेरिएबलने (अट पुरी झाली की झोपलेल्या थ्रेडला हाक मारायची सोय) लिहून पाठवली, त्यात झेंडा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) न घेता वर केला होता. गणिताने झेंडा खाली आहे हे बघितलं, तो झोपायला निघाला, नेमक्या त्या फटीत वाचकाने झेंडा वर करून हाक मारली. ऐकायला कोणी नाही, आणि गणित झोपलं ते झोपलंच. म्युटेक्सच्या आत झेंडा बदलायचा आणि उठल्यावर अट पुन्हा तपासायची, या दोन गोष्टी टाळून कंडिशन व्हेरिएबल वापरता येत नाही.

शेवटी सी++२० मधलं अ‍ॅटॉमिक वेट वापरलं. मला कोणती किंमत बदलायची वाट बघायची आहे ते सांगायचं. खाली फ्युटेक्स (थ्रेडला झोपवायची-उठवायची कर्नलची सोय) आहे, तो झोपवण्याआधी कर्नलमध्ये किंमत पुन्हा तपासतो, त्यामुळे वरची फट बुजते. जीसीसीची लायब्ररी आधी थोड्या फेऱ्या स्वतःच फिरते, मग काही वेळा यील्ड करते आणि मगच फ्युटेक्सकडे जाते. म्हणजे स्पिन आणि यील्ड दोन्ही आत आहेतच, फक्त मोजून-मापून. लिनक्सवर झेंडा साधा इंट ठेवा. फ्युटेक्स ३२ बिटांवर चालतो, दुसऱ्या मापाचा प्रकार दिला तर लायब्ररी आडवाटेने जाते.

३ ऑगस्ट

सगळीकडून स्पिन उपटल्यावर एका ठिकाणी ते परत लावावं लागलं.

एडीएक्सएल३४५ च्या फिफोतून एक नमुना काढल्यावर पुढचा वर सरकायला ५ मायक्रोसेकंद लागतात. एसपीआय (सेन्सर आणि पाय यांच्यातली जोडणी) ५ मेगाहर्ट्झवर चालवलं तर दोन वाचनांच्या मध्ये जास्तीत जास्त ३.४ मायक्रोसेकंद थांबावं लागतं, नाहीतर तोच नमुना दोनदा येतो. मी उत्साहात तिथेही झोप घातली होती. एका झोपेला पन्नासच्या पुढे, सोळा नमुन्यांना सोळा झोपा. जवळजवळ एक मिलिसेकंद नुसता आडवा पडण्यात.

भाच्याच्या मूळ कोडात इथे पॉझ सूचनेच्या (प्रोसेसरला क्षणभर थांबवणाऱ्या) मोजलेल्या फेऱ्या होत्या. तेही नको. इंटेलमध्येच स्कायलेक पिढीपासून पॉझ सुमारे १० सायकलांवरून १४० च्या आसपास गेली, आणि एआरएमवरची यील्ड नावाची सूचना (सिस्टम कॉल नव्हे, प्रोसेसरची) बऱ्याच कोरांवर काही न करणारीच असते. फेऱ्या मोजून वेळ मोजता येत नाही. मोनोटॉनिक घड्याळ वाचत ४ मायक्रोसेकंद फिरायचं, एवढंच ठेवलं. कर्नलच्या मार्गदर्शिकेतही हाच हिशेब दिलाय: साधारण १० मायक्रोसेकंदांच्या आत फिरून थांबा, त्याच्या वर झोपा.

१० ऑगस्ट

आठवडाभर पेटी शॉपमध्ये चालू होती, एक्सझेड दर तासाला. ओव्हररन शून्य. वाचकाच्या प्रॉक फाइलमधले स्वेच्छेने कोर सोडल्याचे आकडे सेकंदाला दोनशेच्या आसपास वाढतायत, म्हणजे ५ मिलिसेकंदांना एक, जसे हवे तसे. पंखा काढला, भोकावर रबरी बूच बसवलं.

राहिलेलं दुखणं एसडी कार्डाचं. कार्ड कधीकधी लेखकाला बराच वेळ अडकवून ठेवतं, त्यात थ्रेडचा दोष नाही. गणित आणि लेखक यांच्यात आता आठ गठ्ठ्यांची रांग आहे, म्हणजे अडीच सेकंदांची सोय, आणि ती भरली तर गणित सर्वात जुना गठ्ठा टाकून तशी नोंद करतं. भाचा पुढच्या खेपेला पेनड्राइव्ह लावून बघणार आहे.